रानमांजर काडतुसे: वेग वाढतो तो किती?

अमेरिकेतील हौशी नेमबाजांच्या बोलीत ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर, हे नाव एका विशिष्ट प्रकारच्या काडतुसाला दिले जाते. कारखान्यात तयार झालेल्या काडतुसाचे पितळी कवच घ्यावयाचे आणि त्याला आपल्या कल्पनेप्रमाणे नवा आकार द्यावयाचा. जोवर कोणताही कारखाना तो आकार प्रमाण म्हणून स्वीकारीत नाही, तोवर ते काडतूस रानमांजरच. (आपला ‘काडतूस’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला पाहुणाच आहे.) अशा काडतुसातून सुटलेली गोळी नेहमीच्या काडतुसापेक्षा पुष्कळच वेगाने जाते, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. हे कितपत खरे आहे?

या विषयात पार्कर ओटो ॲक्ली (१९०३–१९८९) या बंदुका घडविणाऱ्या अमेरिकन कारागिराचे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यांनी जुन्या कवचांचा निमुळतेपणा बराचसा काढून टाकला आणि मानेखालचा उतरता खांदा अधिक उभा, बहुधा ४० अंशांचा केला. हे साधण्याची रीत मोठी चतुराईची आहे. बंदुकीतील ज्या पोकळीत काडतूस बसते, ती नव्या आकाराप्रमाणे कोरून मोठी करतात आणि तीत साधेच काडतूस घालून उडवितात. दारूच्या दाबाने पितळ फुगते व पोकळीचा आकार धारण करते. तेच कवच पुन्हा भरले की ‘सुधारलेले’ काडतूस सिद्ध झाले.

आता त्यात दारू अधिक मावते, हे उघड आहे. परंतु दारू वाढली त्या प्रमाणात वेग वाढत नाही. जादा दारूपासून झालेल्या वायूला स्वतःलाही गोळीमागून धावावे लागते आणि त्यातील पुष्कळशी शक्ती नळीच्या तोंडातून तप्त झोताच्या रूपाने वाया जाते. दाब तेवढाच ठेवला, तर जागा जितके टक्के वाढते त्याच्या सुमारे चौथा हिस्सा टक्केच वेग वाढतो, असा अनुभवाचा नियम आहे. जागा ६ टक्के वाढली तर वेग दीड टक्का. म्हणजे दर सेकंदास २,८०० फूट जाणारी गोळी २,८४२ फूट जाईल. एकाच कारखान्यातील दोन बंदुकांत एवढा फरक सहज आढळतो!

मग पुरस्कर्त्यांचे मोठाले आकडे येतात कोठून? पुष्कळदा ते दाबातून येतात. रेमिंग्टन कंपनीने १९५७ साली बाजारात आणलेल्या .२८० काडतुसाची दाबमर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड आहे. त्याच्याच ॲक्लीकृत रूपाला २००७ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्याची मर्यादा ६५,००० पौंड ठरली. ही तुलना बरोबरीची म्हणता येत नाही. शिवाय घरी काडतुसे भरणाऱ्याजवळ दाब मोजण्याचे साधन क्वचितच असते. काडतुसाच्या बुडाची टोपी चपटी झाली, किंवा बोल्ट उघडण्यास जड गेला, यावरून तो अदमास बांधतो. पण ही लक्षणे बहुधा दाबाने मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात. बोल्टाच्या मागे नेमबाजाचा चेहरा असतो, हे येथे विसरून चालणार नाही.

मूळचे कवच फार निमुळते असेल, तेथे मात्र लाभ खरा आहे. .२२ हॉर्नेट हे चिमुकले काडतूस त्याचे चांगले उदाहरण होय. उलट .३०-०६ मूळचेच पुरेसे भरदार असल्याने तेथे फारसे काही हाती लागत नाही. वेग सोडून एक गुण मात्र मान्य केला पाहिजे: उभ्या खांद्यामुळे कवच कमी लांबते आणि अधिक वेळा वापरता येते.

निमुळतेपणा तरी केवळ दोषच होता काय? हिंदुस्थान व आफ्रिका येथील शिकारीसाठी इंग्रज कारखान्यांनी केलेली काडतुसे, उदाहरणार्थ १९१२ सालचे .३७५ हॉलंड अँड हॉलंड, बरीच निमुळती होती. उष्ण हवेत कॉर्डाइट दारूचा दाब चढतो. अशा वेळी रिकामे कवच पोकळीत अडकून न बसता चटकन बाहेर यावे लागते. जखमी वाघ समोर असता चाळीस फूट जादा वेगापेक्षा ही सोय निश्चितच मोलाची.

काही रानमांजरे पुढे माणसाळलीही. .२२-२५० हे त्यांपैकी एक. १९६५ साली रेमिंग्टनने ते स्वीकारले. पण ॲक्लींनीच हत्तीच्या शिकारीचे भले थोरले कवच घेऊन त्याच्या तोंडी .२२ ची इवलीशी गोळी बसविली, तेव्हा उद्दिष्ट होते सेकंदास ५,००० फूट. वेग सुमारे ४,६०० फुटांवरच थांबला.