कुंडीतल्या मातीलाही ऊन दाखवा!

होळी झाली की आमच्या सोलापुरातल्या गच्च्या जाग्या होतात. कुरड्या, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या, लाल मिरच्या, वर्षाची ज्वारी, तुरीची डाळ... सगळ्यांना ऊन दाखवायचं. ऊन लागलं नाही तर धान्यात पोरकिडे होतात, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. आईनं सांगितलं, आपण करत आलो.

गेली काही वर्षं आमच्या गच्चीवर या वाळवणाच्या शेजारी आणखी एक गोष्ट असते. पारदर्शक पिशव्यांत भरलेली माती! पहिल्या वर्षी शेजारच्या अक्का जिन्यात थांबून म्हणाल्या, ‘‘काय हो वहिनी, आता मातीचे पापड करणार काय?’’ मीही हसले. पण या मातीमागची गोष्ट काही हसण्यासारखी नव्हती.

आमच्या दारात सिमेंटचं तुळशीवृंदावन आहे आणि बाजूला मोठा कडुनिंब. धाकट्या लेकाचं लग्न झालं, सून घरात आली. पोरगी मोठी हौशी. आल्या आल्या तिनं तुळशीचं सगळं आपल्या हातात घेतलं. पाणी, हळदीकुंकू, संध्याकाळचा दिवा. त्या वर्षी श्रावणात तुळस अशी डवरली की येणारी-जाणारी मंजिऱ्या मागून न्यायची. पण नवरात्रात पानं मलूल झाली. दिवाळीपर्यंत ती खराट्यासारखी वाळली. कार्तिकात तुळशीचं लग्न आणि आमच्या वृंदावनात नुसत्या काड्या! मंडईतून रोप आणून वेळ साजरी केली.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. नवं रोप, श्रावणात हिरवंगार, कार्तिकात काड्या. मग लोकांच्या जिभा सुटल्या. लग्नाला आलेली एक नातेवाईक हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘एकेकीच्या हाताला तुळस लागत नाही हो.’’ सून आत निघून गेली. त्या दिवसापासून तिनं तुळशीला पाणी घालणं सोडलं. ‘‘तुम्हीच घाला आई,’’ एवढंच म्हणाली.

आणि मी? खरं सांगते मैत्रिणींनो, मी त्या बाईला एका शब्दानं अडवलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मलाही तेच वाटत होतं. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याच आठवड्यात माझा भाऊ गावाकडून डाळिंबं घेऊन आला. माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं, शेतकऱ्याचं घर. वाळलेली तुळस बघून त्यानं धरून हलवली, तर ती अलगद हातात आली. खाली मुळ्याच नव्हत्या! त्यानं खुरपं मागितलं, वृंदावनातली माती उकरली आणि तळहातावर काढून दाखवलं. पांढुरक्या, जाडजूड, चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या तीन अळ्या. तोंड तांबूस.

‘‘ताई, ही हुमणी हाय. उसाच्या मुळ्या खाती ती. तुळशीला काय सोडती व्हय?’’

सून दारात उभी राहून ऐकत होती.

भावानं मग हुमणीचं सगळं चक्र समजावून सांगितलं. वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात. मादी पुन्हा मातीत शिरून पन्नासच्या आसपास अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या आधी कुजकं खातात, मग मुळ्यांना लागतात. श्रावण-भाद्रपदात त्या लहान असतात, म्हणून वरून काही कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या चांगल्या पोसतात आणि मुळ्या फस्त करतात. म्हणजे बरोबर नवरात्र ते कार्तिक! मग त्या कोषात जातात, कोषाचा भुंगेरा होतो आणि तो तिथंच मातीत, काही न खाता, पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा.

आणि आपण काय करतो? रोप मेलं की काडी उपटतो आणि त्याच मातीत नवं रोप लावतो. झाड बदलतं, माती तीच. कीड घरात झोपलेली आणि आपण तिच्या उशाशी ताट वाढून ठेवतो!

हे एकट्या हुमणीचं नाही. जास्वंदीवरचा तो कापसासारखा पिठ्या ढेकूण कुंडीच्या काठाखाली आणि मातीच्या भेगांत अंड्यांच्या पिशव्या ठेवतो. टोमॅटो पोखरणारी अळी कोषात जाते ती मातीतच. गुलाबाचे, मिरचीचे फुलकिडेही पानावरून गळून मातीत विसावा घेतात. वांग्या-टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे, डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी अंड्यांच्या रूपानं मातीत थांबतात. थंडीच्या देशांत बर्फ पडतो, तरी कुंडीच्या मातीत किडी तग धरतात. मग आपल्याकडची थंडी कुठली त्यांना मारणार? डिसेंबरातल्या रात्री पारा उतरून उतरून १२-१५ अंशांवर. त्यात किडीला फक्त छान झोप लागते.

पण सोलापूरकडे एक हत्यार आहे, ज्याला आपण रोज शिव्या घालतो. आपलं ऊन! एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश म्हणजे आपल्याला नित्याचंच.

भाऊ बोलत होता आणि मला लहानपण आठवत होतं. ज्वारीची काढणी झाली की आम्ही पोरी आईबरोबर धसकटं वेचायला जायचो. हाताला टोचायची, आम्ही कुरकुर करायचो. आई म्हणायची, ‘‘वेचा गं, त्यात खोडकिडा निजलाय.’’ मग उन्हाळी नांगरट. नांगरामागून बगळे आणि साळुंक्या टुणटुणत यायच्या, उघड्या पडलेल्या अळ्या आणि कोष टिपायच्या. उरलेलं काम ऊन करायचं. आमच्या जिल्ह्यातले डाळिंबवालेही हेच सांगतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तरी तेल्या रोगाशी झुंजताना पहिली गोष्ट आजही तीच. बागेत पडलेली रोगट पानं आणि फळं गोळा करून बाहेर काढायची. शेतात जे शहाणपण, ते कुंडीत का नको?

कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, औषधाचे दाणे टाकले की झालं. एका वर्षी मीही कुंड्यांत टाकले होते. पण तुळशीची पानं आपण तीर्थात घालतो, लेकराच्या खोकल्याला काढ्यात घालतो. पूर्वी हुमणीसाठी सर्रास वापरलं जाणारं फोरेट इतकं विषारी होतं की सरकारच्या २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आली. घरात कुणाकडे जुनी पुडी उरली असेल तर ती कुंडीत मुळीच टाकू नका.

आता आम्ही काय करतो ते सांगते. एप्रिलच्या सुरुवातीला रिकाम्या कुंड्या आणि वृंदावनातली माती जुन्या ताडपत्रीवर उपसायची. ढेकळं फोडायची, जुन्या मुळ्या वेचून टाकायच्या. गाठी असलेल्या मुळ्या खताच्या खड्ड्यात टाकायच्या नाहीत. माती दोन-तीन दिवस तशीच उघडी ठेवायची. साळुंक्या आणि कावळे न बोलावता येतात!

एक गंमत सांगते. शेणखतात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी शत्रू नसते. फरशीवर ठेवल्यावर जी अळी पाठीवर उलटी होऊन सरपटते, ती कुजकं खाणारी, खत करणारी असते. तिला खतातच सोडून द्या.

मग माती ओलवायची. किती? मुठीत दाबली तर लाडू वळावा, पण पाणी गळू नये. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवून वापरते. ओल हवीच, कारण ओल्या मातीत उष्णता आत खोलवर जाते. कोरड्या मातीत अंडी आणि बुरशीचे बीजाणू उष्णता जास्त सोसतात. ओली माती पारदर्शक पिशवीत भरायची, तोंड घट्ट बांधायचं आणि चार-सहा बोटं जाडीचा थर होईल अशी आडवी पसरायची. काळी पिशवी नको. काळी स्वतः तापते, पारदर्शक पिशवी ऊन आत घेते आणि उष्णता कोंडून ठेवते. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत बसल्यावर काय होतं ते आठवा! इस्रायलमधल्या याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्लास्टिकखाली माती तापवून मुळांचे रोग आटोक्यात आणण्याची ही पद्धत शास्त्रीय लेखातून मांडली आणि पुढे ती जगभर पोचली. चार ते सहा आठवडे ठेवायचं, मध्ये एकदा-दोनदा पिशवी उलटायची. सावलीत ठेवाल तर काही उपयोग नाही.

तोवर रिकाम्या कुंड्या काथ्यानं घासायच्या. काठाची खालची बाजू आणि तळाचं भोक विसरू नका, पिठ्या ढेकूण नेमका तिथं असतो. कुंडीखालची वीट उचलून बघा. मुंग्यांचं वारूळ असेल तर ते आधी हलवा. याच मुंग्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात.

मोगरा, गुलाब, कढीपत्ता अशी जी झाडं उपटता येत नाहीत, त्यांच्यावर प्लास्टिक मुळीच घालू नका, मुळ्या शिजतील. फक्त वरची दोन-तीन बोटं माती हलक्या हातानं खरवडून काढायची आणि तिथं नवी, तापवलेली माती घालायची.

ऊन वाईटाबरोबर चांगलंही मारतं, हे मात्र लक्षात ठेवायचं. म्हणून मेअखेर पिशव्या उघडल्या की माती सावलीत गार करायची. तीन वाट्या मातीला एक वाटी गांडूळखत या मापानं खत मिसळायचं आणि मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं शेणखत अजिबात नको. आमच्या वृंदावनात दर वर्षी मी भक्तिभावानं तेच घालत होते, म्हणजे हुमणीला आमंत्रण! वांगी-टोमॅटोच्या कुंडीत मुळांना गाठी दिसल्या असतील तर पुढच्या खेपेला तिथं झेंडू लावा. त्यानं सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याला फुलंही मिळतात.

आणि शेवटचं. शेजारच्या अंगणातले भुंगेरे आपल्याकडे येणारच नाहीत असं नाही. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी कुंड्यांच्या मातीवर जुनी ओढणी किंवा मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवायचा. दिव्याखाली जमणारे भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकायचे.

त्या वर्षी हे सगळं पहिल्यांदा केलं तेव्हा मी सुनेला हाक मारली. ती आली, पण मातीला हात लावेना. मी म्हटलं, ‘‘बाळा, तुळस तुझ्या हातानं गेली नव्हती. मातीत कीड होती. माझ्या मनातही होती, ती आता काढलीय.’’ ती काही बोलली नाही. खाली बसली आणि ढेकळं फोडू लागली.

कार्तिकात तुळस गळ्याइतकी वाढली होती. लग्न लागलं, अक्षता पडल्या. ती नातेवाईक बाईही आली होती. जाताना म्हणाली, ‘‘या वर्षी तुळस बरी लागली हो.’’ सून म्हणाली, ‘‘माती तापवली होती, मावशी. तुम्हालाही सांगते कशी ते.’’ आणि खरंच सांगितलं, अगदी पिशवीच्या जाडीपासून!

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या दारातली तुळस वाळली तर आधी कुणाचा हात बघू नका, खुरपं घ्या आणि माती बघा. आणि या उन्हाळ्यात कुरड्यांच्या शेजारी मातीच्या दोन पिशव्या जरूर ठेवा. मृग लागायच्या आत!