उंचीच्या शोधात सरलेले दशक

परदेशी सराव शिबिरांत जाऊन पंधरा-सोळा वर्षांची मुले हेरणे हे अमेरिकी बास्केटबॉल संघांचे नेहमीचे काम झाले आहे. १९९८ साली सॅन अँटोनियोतल्या नाइके हूप समिट सामन्यात जर्मनीच्या डर्क नोवित्स्कीने ३३ गुण केले आणि परदेशी पोरांकडे बघण्याची नजर बदलली. २००१ मध्ये इटलीतल्या त्रेविझोत ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ शिबिरे सुरू झाली. २००८ मध्ये त्यांतले एक नवी दिल्लीत भरले.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचे दशक त्यानंतरचे. २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सच्या शिष्यवृत्तीवर काही मुले-मुली फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेली. त्यांत पंजाबातल्या बल्लो के गावचा, लुधियानाच्या अकादमीत डॉ. शंकरन सुब्रमण्यम यांच्या हाताखाली घडलेला चौदा वर्षांचा सतनामसिंग भामरा होता. २५ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२ व्या क्रमांकावर निवडले. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या सॅक्रामेंटो किंग्जकडून भारतीय वंशाचा कॅनेडियन सिम भुल्लर मैदानात उतरला होता. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एनबीए अकादमी उघडली. तिथला प्रिन्सपाल सिंग २०२० मध्ये एनबीएच्या दुय्यम ‘जी लीग’मधल्या इग्नाइट संघात पोहोचला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हा आता दार उघडलेच असे सर्वांना वाटले.

ते उघडले नाही. सतनाम त्याच दुय्यम लीगमधल्या टेक्सास लेजेंड्सकडून खेळला. एनबीएचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या निवडीच्याच वर्षी भारताच्या बास्केटबॉल महासंघात दोन गट पडले होते. चेन्नई स्लॅम, पुणे पेशवाज असे संघ घेऊन २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए लीग दोन-अडीच वर्षांत थांबली. परदेशातून परतलेल्या मुलाने वर्षभर खेळायचे कुठे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

दोष पारखीच्या पद्धतीतही होता. शिबिरात मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभे करतात. उंची, हात वर केल्यावरची पोहोच, पसरलेल्या हातांचा विस्तार मोजतात. मग उभ्या जागेवरची उडी, धाव, आणि शेवटी तीन-तीन, पाच-पाच जणांचे सामने. चांगला पारखी या सामन्यांतच मुलाला ओळखतो: चेंडू गमावल्यावर तो मागे पळतो की हात झटकत उभा राहतो, पास येण्याआधी त्याचे पाय वळलेले असतात की नाही. भारतात मात्र पारख फुटपट्टीपाशीच थांबली. सात फुटी पोरगा हवा, आणि तो पंजाबात मिळतो, एवढ्यावर शोध आटोपला.

वरच्या खेळाडूंत चेन्नईचा एकही नाही. या खेळाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देशात ज्या शहरातून पसरले, ते हेच. ज्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ तयार केला, तिथेच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. पुढे रेल्वे, बँका आणि सरकारी खात्यांच्या नोकऱ्यांनी इथला खेळ जगवला. दक्षिण रेल्वेची गीतू ॲना जोस मूळची केरळची. ऑस्ट्रेलियात खेळून आलेल्या या सेंटरला २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला लीगच्या तीन संघांनी चाचणीला बोलावले. तेव्हा तिची पंचविशी आली होती. सोळाव्या वर्षी तिला बघायला कुणी परदेशी पारखी आला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. चेन्नईचीच अनिता पॉलदुराई पुढे पद्मश्री झाली, तीही इथल्याच स्पर्धांत घडून.

सर्वांत बोचणारी गोष्ट २०१७ ची. मुलांसाठी निवासी अकादमी उघडली त्याच वर्षी जुलैत बेंगळुरूला भारताच्या महिला संघाने कझाकस्तानला हरवून आशिया चषकाची ब श्रेणी जिंकली. त्या संघात अनिता होती, पुण्याची शिरीन लिमये होती. मुलींच्या वाट्याला २०१८ पासून थोड्या दिवसांची शिबिरे आली. तेवढ्या संधीवरही बेंगळुरूची संजना रमेश अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या संघात पोहोचली.

सतनामच्या निवडीला दहा वर्षे उलटली तरी एकही भारतीय नागरिक एनबीएच्या नियमित हंगामात एक मिनिटही खेळलेला नाही. महासंघाने आता आधी वर्षभर चालणारी लीग उभी करावी, आणि परदेशी पारखी पुन्हा येतील तेव्हा त्यांना पहिल्यांदा चेन्नईतल्या मुलींचे सामने दाखवावेत.