मोडीत घालण्याआधी भांड्याचा तळ पाहा

मंगरूळपीरचे आमचे एक जुने गिऱ्हाईक लग्नाचे कापड घ्यायला वाशीमला दुकानी आले. पिशवीत आजीची चांदीची गुलाबदाणी होती. ती मोडून कापडाचे पैसे भागवायचे होते. सराफाने तराजूत टाकून नुसत्या वजनाचा भाव सांगितला होता. आम्ही म्हटले, "भाई, घाई करू नका. आम्ही तागा घेताना आधी काठावरचा गिरणीचा छाप पाहतो. तुम्ही हिचा तळ पाहिला का?" काळवंडलेला तळ पुसून भिंग लावले, तर 'ओ. एम.' ही इंग्रजी अक्षरे आणि 'भूज' हे नाव निघाले.

हा ठसा उमरशी मावजी यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छच्या रावांच्या दरबारचे हे नामांकित चांदीकार होते. इंग्रजीत त्यांचे नाव 'ओ'ने लिहीत. भांड्यात राळ भरून बाहेरून छिन्नीने उठवलेली कच्छी वेल इतकी दाट असते की बोट ठेवायला मोकळी जागा सापडत नाही. मध्येच हरीण, वाघ दिसतात.

इंग्रजी अमलात आपल्याकडे चांदी तपासून ठसा देणारी विलायतेसारखी कचेरी नव्हती. कारागिराचे किंवा पेढीचे नाव हाच काय तो जामीन. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सच्या मालावर पेढीचे नाव असते आणि नक्षीत बहुधा देवदेवता. विलायती मालावर चालणारा सिंह असला तर चांदी अस्सल; सोबत नांगर असेल तर माल बर्मिंगहॅमचा, बिबट्याचे तोंड असेल तर लंडनचे. 'ई. पी. एन. एस.' अक्षरे मात्र चांदीची नव्हेत. तो नुसता मुलामा. यात चांगले चांगले फसले आहेत, आम्हीही एकदा फसलो.

1853 पर्यंत वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता. करीमनगरच्या तारकामाची अत्तरदाणी कोणाच्या घरी निघाली तर तळ पाहून फारसे हाती लागत नाही. तारेत ठसा उठवायला सपाट पत्रा नसतोच; तिथे कामावरूनच गाव ओळखावे लागते.

ठसा खोटाही असतो. दुसऱ्या भांड्याचा तुकडा डाखलेला आहे का, नक्षी ठशाच्या गावाशी जुळते का, हे जाणकाराला दाखवावे. तोवर भांडे घासू नये. उठाव झिजला की किंमत गेली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आपल्याकडे चांदीला हॉलमार्क 2005 पासून मिळू लागला. त्याआधीच्या मालाला हीच तपासणी.

गुलाबदाणी पुन्हा पिशवीत गेली. कापड आम्ही खात्यावर लिहून दिले, मुंबईच्या जाणकाराकडून निरोप येईपर्यंत.