कुटुंबाच्या कागदावरची तारीख

एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र कंपनीच्या वकिलाकडून आलं, की न्यू जर्सीतल्या मराठी घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. जाणती माणसं मात्र लगेच दुसरा कागद काढतात : बायको-मुलांचा आय-९४, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद.

कारण ते पत्र फक्त नोकरी करणाऱ्याचं असतं. जोडीदार आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असतात आणि त्यांची मुदत आपोआप वाढत नाही. अमेरिकेत राहूनच ती वाढवायची, तर आय-५३९ हा वेगळा अर्ज जुनी मुदत संपण्याआधी पोचावा लागतो. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पगाराच्या स्लिपा आणि मूळ कर्मचाऱ्याचं मंजुरीपत्र.

घोळ होतो तो तारखांचा. मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीतून पासपोर्टवर आलेला व्हिसा अमेरिकेच्या विमानतळापर्यंत नेतो. राहायचं किती दिवस, ते आय-९४ सांगतो. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो. तो आधी संपणार असेल, तर अधिकारी मुलाला बहुधा तेवढीच मुदत देतो. आई, वडील आणि मूल एकाच विमानातून उतरतात, पण मुलाच्या कागदावरची तारीख वेगळी निघते. ती कुणी पाहिलीच नाही, तर पहिली-दुसरीतलं पोर नकळत बेकायदा ठरतं.

एच-४वर शिकता येतं, कमावता येत नाही. पुण्यात इमारतींचे आराखडे काढणारी वास्तुविशारद अमेरिकेत आली, की तिचं काम थांबतं. २६ मे २०१५पासून एक वाट खुली झाली : एच-१बीवरच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला, की ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो. मात्र ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीची आपोआप मुदतवाढ उरलेली नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही, तर चालू नोकरी थांबवावी लागते. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर आलेल्यांच्या, म्हणजे एल-२वरच्या जोडीदारांना मात्र नोव्हेंबर २०२१पासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. शिक्षण तेच, घर तेच, फरक फक्त व्हिसाच्या अक्षराचा. हा भेद अन्यायाचाच आहे.

मुलांचं दुखणं याहून खोल. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के. भारतीयांची रांग त्यामुळे इतकी लांबते, की मांडीवर बसून आलेलं मूल एकविसाव्या वर्षी एच-४मधून बाहेर पडतं आणि आईवडील रांगेतच असतात. तिथेच राहायचं, तर अनेकांना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी, बालवाडीपासून जिथे वाढलो त्या देशाच्या अधिकाऱ्यांना पटवून द्यावं लागतं, की शिक्षण संपलं की मी भारतात परत जाणार आहे.