जिजाबाई आणि पुण्याचा कसबा

पुण्याचे ग्रामदैवत म्हणजे कसबा गणपती. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान याच गणपतीचा. मुलांनो, आज कसबा पेठेतील गजबज पाहिली, तर ही भूमी एके काळी ओसाड पडली होती, हे कोणास खरेही वाटणार नाही.

शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. गावावर गाढवांचा नांगर फिरवून त्याने भुईत पहार ठोकली व तिच्यावर फाटकी वहाण टांगली, असे सांगतात. येथे जो वस्ती करील त्याचा निर्वंश होईल, असा त्या खुणेचा अर्थ लोक करीत. जळालेली घरे पुन्हा बांधता येतात. पण मनात बसलेली भीती कशी काढावी?

अशा गावी जिजाबाई आपल्या लहानग्या शिवबास घेऊन राहावयास आल्या. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या त्या कन्या. त्यांचा जन्म १५९८ सालचा. १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात त्यांचे वडील व भाऊ दग्याने मारले गेले. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारीस, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. शहाजीराजे दूर कर्नाटकात गुंतले आणि थोरले पुत्र संभाजीराजेही तिकडेच राहिले.

पुण्यात लाल महाल उभा राहिला. (आजची इमारत मात्र विसाव्या शतकातील आहे.) कसब्यातील गणपतीचे देऊळ जिजाबाईंनी बांधविले आणि शिवबांच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर त्या भूमीवर फिरविला, अशी पुणेकरांची परंपरा आहे. आम्हांस मात्र नांगराच्या सोन्याहून दुसरी गोष्ट मोलाची वाटते. जेथे निर्वंशाची धमकी, तेथेच ही माता आपल्या पोटच्या पोरासह राहिली! मग रयतेने कशास भ्यावे? हळूहळू लोक परतले व शेते पिकू लागली.

प्राचीन रोममध्ये कॉर्नेलिया नावाची अशीच एक थोर कुलीन स्त्री होऊन गेली. एका बाईने आपले दागिने दाखविले, तेव्हा तिने आपल्या मुलांकडे बोट दाखवून हीच माझी रत्ने, असे म्हटल्याची कथा प्रसिद्ध आहे. रोमने तिचा पुतळा उभारला. त्याच्या चौथऱ्यावर तिच्या नावासोबत कोरले आहे, ते पित्याचे व पुत्रांचे नाव. जिजाबाईंचीही ओळख आपण बहुधा अशीच करून देतो. परंतु त्या केवळ वीरमाता नव्हत्या. त्या कारभार जाणणाऱ्या होत्या. १६६४ साली शहाजीराजे निवर्तले, तेव्हा त्या सती जाण्यास निघाल्या. महाराजांनी काकुळतीस येऊन त्यांना थांबविले, असे बखरीत सांगितले आहे. त्या थांबल्या, हे किती बरे झाले! दोनच वर्षांनी महाराज आग्र्यास गेले व तेथे औरंगजेबाच्या कैदेत सापडले. त्या महिन्यांत स्वराज्याच्या कारभारावर देखरेख होती ती सत्तरीकडे झुकलेल्या जिजाबाईंची.

६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. तो सोहळा त्यांनी डोळे भरून पाहिला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जून रोजी, गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे.