कण्हेर: अर्धं खरं, अर्धं ऐकीव

एप्रिलमध्ये रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं, तेव्हाही दुभाजकावरची कण्हेर फुलांनी लगडलेली असते. ती पाहून एक जण म्हणतो, ‘हिला काही लागत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘दारात नको बाबा, जहर आहे.’ दोघांचंही अर्धंच खरं.

गैरसमज: कण्हेरीला पाणी लागत नाही.
वस्तुस्थिती: तिच्या जाड, चिवट पानांची रंध्रं खालच्या बाजूला, लव असलेल्या खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे पाणी कमी उडतं. पण तग धरायची ती मुळं खोल गेल्यावर. पहिली एक-दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरवरच राहतात. कुंडीतल्या झाडाला मात्र कायमच पाणी हवं. काळ्या जमिनीत पाणी तुंबू देऊ नये, मुळं कुजतात.

गैरसमज: फुलं येत नाहीत म्हणजे खत कमी पडतंय.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा ऊन कमी पडत असतं. रोज किमान ६ तास थेट ऊन मिळायला हवं. युरियाचा मारा केला तर नुसता पालाच माजतो.

गैरसमज: वरचेवर छाटलं की झाड भरगच्च फुलतं.
वस्तुस्थिती: कळ्या नव्या फुटीच्या टोकाला येतात. दर महिन्याला कात्री चालवली की त्याच उडतात. बहर ओसरल्यावर फांद्या साधारण एक तृतीयांश छाटाव्यात. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसला, तर आधी पाण्याची जोरदार धार मारून पाहावी.

गैरसमज: नुसता हात लागला तरी विषबाधा होते.
वस्तुस्थिती: खरा धोका पोटात जाण्याचा. मूळ, पान, फूल, बी, सगळ्यांतच हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात. चिकाने कातडीची आणि डोळ्यांची आग होऊ शकते, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. चुकून कुणी काही खाल्लंच, तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठावं.

गैरसमज: वाळली की विष जातं.
वस्तुस्थिती: जात नाही. हिरव्या पानाच्या कडूपणामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत. वाळलेला पाला चाऱ्यात मिसळला, तर नकळत खाल्ला जातो. छाटलेल्या फांद्या जाळूही नयेत, धूरही विषारी असतो.

गैरसमज: देवाला चालतं, मग प्रसादात का नको?
वस्तुस्थिती: देवाला वाहणं वेगळं, खाण्यात जाणं वेगळं. केरळात कण्हेरीला ‘अरळी’ म्हणतात. तिथल्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे २०२४ मध्ये नैवेद्य-प्रसादात हे फूल वापरणं बंद केलं.

गैरसमज: पिवळी कण्हेर ही हिचीच जात.
वस्तुस्थिती: पिवळी म्हणजे बिट्टी. कुळ एकच, पण झाड निराळं, मूळचं अमेरिका खंडातलं. कण्हेरीची पानं सहसा तीन-तीनच्या झुपक्यात असतात. बिट्टीची एकाआड एक. विषारी दोन्ही. बिट्टीच्या बिया तर फारच, आणि नेमक्या त्याच मुलांच्या खेळात येतात.

म्हणून जागा निवडतानाच पाहावं: ऊन भरपूर हवं, पाणी तुंबायला नको आणि शेळीची दावण, रांगतं मूल तिथून लांब हवं.