मसीहा कोण? कोकणातील बेने इस्रायल आणि त्यांचा धर्मग्रंथ

श्रोतेहो, राज्याभिषेक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे १६७४ सालचा रायगड उभा राहतो. सप्तनद्यांचे जल शिरावर पडले आणि शिवाजीराजे छत्रपती झाले. प्राचीन इस्राएल लोकांतही राजाला असाच अभिषेक होत असे. फरक एवढाच की पाण्याऐवजी तिथे तेल वापरीत. ज्याच्या मस्तकावर हे तेल ओतले, त्याला हिब्रू भाषेत ‘माशिआह’ म्हणत, म्हणजे अभिषिक्त. याच शब्दावरून ‘मसीहा’ हा शब्द आला. ग्रीक भाषेत त्याचे भाषांतर ‘ख्रिस्तोस’ असे झाले आणि आपण त्याचे ‘ख्रिस्त’ केले. म्हणजे ‘येशू ख्रिस्त’ यातला ‘ख्रिस्त’ हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे. आणि ही पदवी येशूला लागू पडते की नाही, हाच ख्रिस्ती आणि यहुदी या दोन धर्मांमधला जवळजवळ दोन हजार वर्षांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजू नका. तो महाराष्ट्रातही विचारला गेला, आणि मराठी भाषेतच विचारला गेला. त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, समुद्रकाठच्या गावांतून बेने इस्रायल नावाचे लोक शेकडो वर्षे राहात आले. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतली सात जोडपी तेवढी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावेही पाहा: किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, रोह्याचे रोहेकर. घरची भाषा मराठी. मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘देव एकच’ ही हिब्रू भाषेतील छोटीशी प्रार्थना, एवढी शिदोरी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ग्रंथ मात्र त्यांच्यापाशी राहिले नव्हते. पुढे कोचीनच्या यहुदी लोकांशी संबंध आला आणि १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले.

याच सुमारास दुसरी एक मंडळी मुंबईत येऊन दाखल झाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली आले. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले. त्यांनी शाळा काढल्या आणि त्या शाळांतून बेने इस्रायल मुले शिकू लागली, काही तरुण शिक्षकही झाले. विल्सनसाहेबांनी तर १८३२ साली हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीत तयार केले. यामागचा मिशनरींचा विचार सरळ होता. येशूच्या येण्याचे भाकीत यहुद्यांच्याच जुन्या ग्रंथात आहे, अशी त्यांची श्रद्धा. तेव्हा या लोकांच्या हाती त्यांचा ग्रंथ दिला, त्याची भाषा शिकवली, की ते आपोआप येशूपाशी येतील.

पण झाले वेगळेच. ग्रंथ हाती आला, भाषा आली, आणि बेने इस्रायल आपल्याच धर्मात अधिक घट्ट झाले. ख्रिस्ती होणारे अगदी थोडे निघाले. मिशनच्या शाळांबद्दल मात्र त्यांनी कृतज्ञता बाळगली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली समाजासाठी मुंबईत शाळा उभी केली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून मात्र १९३७ साली निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर या लोकांनी आपल्याकडचा कीर्तनाचा प्रकार उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीतून लावली.

असे का झाले? यासाठी त्या ग्रंथात काय आहे, ते थोडे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, अभिषिक्त हा शब्द त्या ग्रंथात एकाच माणसासाठी येत नाही. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता. एकदा तो गुहेत एकटाच दावीदाच्या तावडीत सापडला. दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला आणि त्याला जाऊ दिले. का? तर हा देवाचा अभिषिक्त आहे, याच्यावर हात टाकायचा नाही. बघा, इथे शौल ‘मसीहा’ आहे. पुढे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात इराणचा बादशहा कोरेश यालाही हीच पदवी दिली आहे, आणि तो तर यहुदीसुद्धा नव्हता. तेव्हा यहुदी वाचकाला मसीहा म्हणजे देव किंवा देवाचा पुत्र असे वाटत नाही. देवाने नेमलेला माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

मग ज्याची वाट पाहावयाची तो मसीहा कोणता? यरुशलेमचे राज्य बुडाले, लोक देशोधडीला लागले, तेव्हा दावीदाच्या वंशात पुन्हा एक राजा होईल, पांगलेले लोक एकत्र येतील, राष्ट्राराष्ट्रांतली युद्धे थांबतील आणि तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ होतील, अशी आशा संदेष्ट्यांनी दिली. बाराव्या शतकात मैमोनिदेस नावाचा थोर यहुदी पंडित होऊन गेला. त्याने यावरून एक साधी कसोटी सांगितली. मसीहाने चमत्कार करून दाखविण्याची गरज नाही. त्याने मंदिर पुन्हा उभारले आणि पांगलेल्यांना गोळा केले, तर तो खरा. हे न करता तो मारला गेला, तर ज्याचे वचन दिले होते तो हा नव्हे. ही कसोटी यहुद्यांनी आपल्या लोकांनाही लावली. इसवी सन १३२ मध्ये बार कोखबाने रोमन सत्तेविरुद्ध बंड उभारले, तेव्हा रब्बी अकिवासारख्या विद्वानाने त्याला मसीहा मानले. १३५ साली तो मारला गेला आणि ती आशा संपली.

यावर ख्रिस्ती उत्तर काय, तेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, मसीहाचे येणे दोनदा आहे. पहिल्या खेपेस तो दुःख सोसून माणसाला पापातून सोडवतो, दुसऱ्या खेपेस राज्य करावयास येतो. शांततेचे राज्य अजून आले नाही, कारण दुसरे येणे अजून व्हावयाचे आहे. यहुदी विचारतो, दोन खेपा आमच्या ग्रंथात कुठे सांगितल्या आहेत?

आता वचनांचा वाद पाहू. एक उदाहरण शिक्षकांना विशेष उपयोगी आहे. यशयाच्या सातव्या अध्यायात आहाज राजाची गोष्ट आहे. ख्रिस्तपूर्व ७३४ च्या सुमारास दोन शेजारी राजे यरुशलेमवर चालून आले. राजा घाबरला. संदेष्टा म्हणाला, घाबरू नकोस, एक खूण देतो. एका तरुणीला मुलगा होईल आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधी या दोन राजांचे देश ओसाड पडतील. मूळ हिब्रू शब्द आहे ‘अल्मा’, म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. ख्रिस्तजन्माआधीच यहुदी पंडितांनी या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर केले होते, त्यात ‘पार्थेनोस’ हा शब्द पडला. त्याचा नेहमीचा अर्थ कुमारी. मत्तयाचे शुभवर्तमान ग्रीक भाषेत आहे. त्याने तोच शब्द घेतला आणि कुमारी मरियेच्या पोटी येशूचा जन्म झाला त्याचे हे भाकीत आहे, असे सांगितले.

यहुदी वाचक इथे दोन शंका काढतो. एक, मूळ शब्द तरुणी असा आहे. दोन, आहाज राजा संकटात असताना सातशे वर्षांनंतरची खूण त्याच्या काय कामाची? ख्रिस्ती पंडित म्हणतात, वचनाला दोन अर्थ असू शकतात, एक त्या काळापुरता आणि एक पुढचा. शिवाय ग्रीक शब्द योजणारे यहुदीच होते. पण मूळ शब्दाची शंका ख्रिस्ती विद्वानांनीही मान्य केली आहे. १९५२ साली इंग्रजी बायबलची एक सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत या ठिकाणी ‘तरुणी’ असाच शब्द छापला, आणि त्यावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले.

दुसरे स्थळ यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचे. तिथे एका सेवकाचे वर्णन आहे. तो निंदा सोसतो, मार सोसतो, दुसऱ्यांचे अपराध वाहतो. ख्रिस्ती वाचकाला यात क्रुसावरचा येशू स्पष्ट दिसतो. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी म्हणतो, हा सेवक म्हणजे इस्राएल लोकच, कारण याच ग्रंथात आधी अनेक वेळा इस्राएलला ‘माझा सेवक’ म्हटले आहे. तरीही निकाल एकतर्फी लावता येत नाही. राशीच्या पूर्वीच्या एका जुन्या अरामी भाषांतरात यहुद्यांनीच या सेवकाला मसीहा म्हटले आहे. सोसण्याचा भाग मात्र तिथे त्याच्याकडून काढून इतरांवर टाकला आहे.

पुस्तकांचा क्रमसुद्धा बोलतो बरं का! ख्रिस्ती लोक या ग्रंथाला ‘जुना करार’ म्हणतात. जुना म्हटला की नवा आलाच. त्यांच्या क्रमात शेवटी मलाखी संदेष्टा येतो. त्या मोठ्या दिवसाआधी एलिया संदेष्टा परत येईल, असे तो सांगतो, आणि पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते. यहुदी लोक आपल्या ग्रंथाला ‘तनख’ म्हणतात. त्यांच्या क्रमात शेवटी येतो इतिहास, आणि तो कोरेश बादशहाच्या आज्ञेने संपतो: यरुशलेमला परत जा, मंदिर बांधा. पुस्तके तीच, पण एका क्रमात वाट येणाऱ्याकडे लागते, तर दुसऱ्यात घराकडे.

या एलियाचे आणि कोकणचे नाते फार जिव्हाळ्याचे आहे. ख्रिस्ती मतानुसार बाप्तिस्मा देणारा योहान हाच तो एलिया, म्हणजे तो येऊन गेला. बेने इस्रायल कुटुंबात मात्र लग्न असो, नवस फेडायचा असो की नव्या घरात राहावयास जायचे असो, एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिद्याचे ताट मांडतात. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे त्यात असतात. अलिबागजवळ खंडाळे येथे खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. आता विचार करा. ज्या घरात एलियाची वाट दरवर्षी पाहिली जाते, त्या घराला ‘तो येऊन गेला’ हे पटणे किती अवघड! मिशनरींच्या शाळेने त्यांना हिब्रू अक्षरे दिली, पण वाट पाहणे त्यांच्या घरात आधीपासूनच होते.

अशी शंका विचारणे सगळीकडे सोपे नव्हते. १२६३ साली स्पेनमधील बार्सिलोना शहरी राजासमोर याच विषयावर वाद झाला. यहुदी पक्षाकडून नाहमानिदेस नावाचा रब्बी बोलला. राजाने त्याला बक्षीसही दिले, पण पुढे त्या म्हाताऱ्याला देश सोडावा लागला. युरोपात ‘मला पटत नाही’ एवढे म्हटल्याबद्दल माणसांची घरेदारे गेली, प्राण गेले. कोकणात शिकवणारा शिकवीत राहिला, शिकणारा शिकला, आणि शेवटी ‘आपला उपकार मोठा, पण आमचा अर्थ वेगळा’ असे म्हणून आपल्या घरी गेला. कोणाचा घाणा बंद पडला नाही, कोणाला गाव सोडावे लागले नाही.

आणि मूळ ग्रंथाकडे जाणारा प्रत्येक जण एकाच ठिकाणी पोचतो असेही नाही. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) ख्रिस्ती झाल्यानंतर हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच हिब्रू ग्रंथातून बाईंची श्रद्धा येशूवर दृढ राहिली, राजपूरकरांची मोशेच्या धर्मावर. आपल्याला यात नवल वाटू नये. गीता एकच, पण शंकराचार्यांना तीत ज्ञान दिसले, ज्ञानेश्वरांना भक्ती, आणि टिळकांना कर्मयोग.

शिक्षकबंधूंनो, वर्गात धर्मग्रंथाचे वचन आले तर मुलांना चार प्रश्न विचारावयास शिकवा. मूळ शब्द कोणता? मागेपुढे काय लिहिले आहे? ते प्रथम कोणाला सांगितले होते? आणि आज अर्थ सांगणारा कोण आहे? एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांनीही मूळ शब्दाचाच शोध घेतला. शंका विचारल्याने ग्रंथ लहान होत नाही. आपल्या कोल्हापुरातही १८५२ साली रॉयल वाइल्डर आले, तेव्हापासून ख्रिस्ती मंडळी आपले शेजारी आहेत. त्यांची श्रद्धा त्यांच्या तोंडून ऐकावी, यहुद्यांची शंका यहुद्यांच्या तोंडून ऐकावी. एकाचे ऐकून दुसऱ्याची टिंगल करू नये.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्राएल देशात निघून गेली. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात यहुदी साडेचार हजारांच्या आसपास भरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. माणसे थोडी उरली आहेत. पण ग्रंथ देणाऱ्याचा मान राखावा आणि अर्थ मात्र आपल्या बुद्धीने लावावा, हा त्यांनी घालून दिलेला धडा मराठी माणसाने विसरू नये.